नऊ मुनवे

माझ्याच रानातून बाहेर पडताना कुणी मला पाय धुवायला लावील, असं कधी वाटलं नव्हतं.

उचगावच्या शिवेवर आमची वीस गुंठ्यांची केळीची पट्टी आहे. आमची म्हणजे अब्बांची. गैबी बागवान हे नाव कोल्हापूरच्या फळबाजारात चाळीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं. अब्बा मे महिन्यात गेले, आणि सप्टेंबर उजाडला तरी खोपीतल्या त्यांच्या वस्तू आणायला माझे पाय वळले नव्हते. शेवटी मी रानात गेले त्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. पानांवरून पाणी टपटपत होतं. पिशवीत दोन-तीन वस्तू घालून मी वाटेला लागले, तर बांधाच्या तोंडाशी एक अनोळखी माणूस घमेलं मांडून उभा. पायात गमबूट, हातात ब्रश, कपाळावर चिखलाचा ठिपका.

"पाय बुडवा ह्यात," तो म्हणाला. "चपलांसकट. दोन मिनिटं."

"हे माझं रान आहे."

"म्हणून तर. तुमचं रान तुमच्या चपलेला लागून गावात निघालंय."

मी मुकाट्यानं पाय बुडवले. का, ते आजही सांगता येत नाही. पाणी गार होतं आणि त्याला दवाखान्यासारखा वास होता. अनोळखी माणसासमोर घमेल्यात पाय घालून दोन मिनिटं उभं राहायचं, तर बघायचं कुठं? मी ढगांकडे पाहिलं. तो माझ्या पायांकडे पाहत होता, आणि ते लक्षात आल्यावर त्यानंही ढगांकडे पाहिलं.

"पिशवीत काय हाय?"

"वडिलांच्या चपला."

एका चपलेची टाच पिशवीबाहेर आली होती, वाळलेल्या मातीसकट. मी पिशवी छातीशी धरली. तो काहीतरी बोलणार होता, ओठ उघडलेही... मग बाजूला सरला.

"उजैर शिकलगार," तो म्हणाला. "केळीच्या मर रोगावर काम करतो. पलीकडं कृष्णातदादांचं जी-नाईन जातीचं केळ बघायला आलतो. बांधावरनं तुमची पानं दिसली." त्यानं ब्रशनं दाखवलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. खालची पानं कडेनं पिवळी पडून देठाशी मोडली होती आणि खोडाभोवती झग्यासारखी लोंबत होती. मला वाटलं होतं, अब्बा नाहीत म्हणून पाणी कमी पडलं असेल.

"एक खोड कापू? मालकांना विचारून सांगा."

"मालक नाहीत. मीच आहे."

"मग तुमास्नीच विचारतो."

मी मान हलवली. त्यानं पात्यावर स्पिरिट ओतलं, पुसलं, आणि एकाच घावात खोड आडवं केलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"धार चांगली आहे."

"वडिलांनी लावलीय. शिकलगार ना आमी. केळी कापतो म्हटल्यावर त्यांना वाटतंय, पोरगं फळवाल्याकडं कामाला लागलं."

"आम्ही फळवालेच आहोत."

त्यानं जीभ चावली. मला हसू आलं. मे महिन्यानंतरचं पहिलं. आणि ते आलं याचाच मला राग आला.

मग त्यानं कापलेलं खोड माझ्याकडे वळवलं. केळीचा गाभा पांढराशुभ्र असतो. यात विटकरी ठिपक्यांची कडी होती, कुणीतरी गंजलेली बांगडी आत ठेवल्यासारखी.

"बुरशी मुळातनं आत शिरती," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करती. झाड उभ्या-उभ्या तहानेनं मरतं. एक सांगा, ह्या बागेतनं मुनवे कुणाला दिलेत?"

मुनवा म्हणजे केळीच्या बुडातून फुटणारा कोंब. तोच काढून दुसरीकडे लावायचा. अब्बांनी आयुष्यभर केळी विकली, पण मुनवा कधी विकला नाही. मागेल त्याला दिला. आमचं हे जवारी केळ, बोटाएवढं, पातळ सालीचं, बाजारात आता फारसं कुणी आणत नव्हतं. म्हणून अब्बांच्या चाळिसाव्या दिवशी जेवण झाल्यावर, निघताना, मी जवळच्या माणसांच्या हातात एकेक मुनवा दिला होता. ओल्या फडक्यात बांधून. त्यांची आठवण म्हणून लावा, म्हणाले होते.

"नऊ," मी म्हणाले.

"नऊ," तो म्हणाला, आणि घमेल्याशेजारी खाली बसला.

*

त्यानं मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. वाचलं खूप आहे, पण केळीबद्दल मला एवढंच माहीत होतं की अब्बा घड हातात घेऊन आधी त्याच्या बुडाचा वास घेत.

खायच्या केळीत बी नसतं. मुनवा ही आईचीच हुबेहूब प्रत. अब्बांच्या बागेतली दोनशे झाडं म्हणजे दोनशे वेळा लावलेलं एकच झाड. म्हणून एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. एखादं तरी काटक निघेल, वाचेल, ही आशाच नाही.

"म्हणजे वेगळं कुणीच नाही?" मी विचारलं. आम्ही खोपीच्या वळचणीला उभे होतो. पाऊस पुन्हा आला होता.

"वेगळेपणा बियातनं येतो. त्याला दोघं लागतात," तो म्हणाला, आणि पावसाकडे बघत कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... वनस्पतिशास्त्रात."

"वनस्पतिशास्त्रातच म्हणाले मी."

बुरशीची घराणी असतात, असं त्यानं सांगितलं. जुनं घराणं जवारी केळी मारतं, जी-नाईनला हात लावत नाही. नवं घराणं जी-नाईनही सोडत नाही, आणि ते एकदा मातीत बसलं की वीस-तीस वर्षं हलत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखीच. प्रयोगशाळेत जनुकं तपासली तरच कळतं. "ह्या बुरशीकडं जादाची गुणसूत्रं असतात," तो म्हणाला. "नुसतं जगायला ती लागत न्हाईत. मारायला लागतात."

"निकालाला किती दिवस?"

"तीन आठवडे. पण मुनव्यांना तीन आठवडे न्हाईत. आज ना उद्या कोण तरी त्याचा मुनवा तिसऱ्याला देणार. नावं सांगा."

नावं मी कुठं लिहिली नव्हती. मग आठवणीनं जेवणाची पंगत मांडली. दस्तरखानाच्या टोकाशी कोण, त्याच्या उजवीकडे कोण, कुणी दुसऱ्यांदा दालचा मागितला. तो लिहीत गेला. "दालचावाले जोशीसर," असं त्यानं खरंच लिहिलं. नवव्या नावाशी मी थांबले. आठवेना. पंगत पुन्हा पहिल्यापासून मांडली, तरी आठच.

"येईल आठवत," तो म्हणाला. "मी हाय की."

*

पहिला मुनवा दोनशे पावलांवर होता. कृष्णातदादांनी तो विहिरीच्या कडेला लावला होता, त्यांच्या तीन एकर जी-नाईनच्या उशाला. उजैर सांगत होता आणि दादा माझ्याकडे बघत होते.

"म्हंजे पावणं, हिच्या मुनव्यापायी माझी बाग जाणार म्हनालाय?"

"जाईल असं न्हाय, दादा. नवं घराणं असंल तर."

"आनि कवा कळणार?"

"तीन आठवड्यानं."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "सबिना, गैबीचाचा म्हंजे देवमाणूस. पन तीन एकर हाय गं माझं. मुलीचं लगीन हाय ह्या घडांवर." ते एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. उजैरनं मुनवा खणला, पिशवीत बांधला, खड्ड्यात चुना टाकला. मी हातात ब्रश घेऊन उभी होते. तेवढंच काम मला दिलं होतं.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडलं की तेच पान. ग्रंथालयात प्रवासवर्णनं मी पाककलेच्या फळीवर लावली आणि एका प्राध्यापकांनी मला तसं दाखवून दिलं. माझ्या डोळ्यांसमोर नऊ ठिकाणची माती होती आणि त्या प्रत्येक मातीत माझ्या हातानं दिलेलं काहीतरी हळूहळू पसरत होतं.

रविवारी आम्ही जोतिबाला गेलो. तो त्याच्या मोटारसायकलवर पुढे, मी माझ्या स्कूटीवर मागे. घाटात तो दर वळणावर मागे बघायचा.

"पुढे बघा!" मी ओरडले.

"पुढं काय हाय बघण्यासारखं?" वाऱ्यातून आलं.

झुंबरबाई मावशींचं नारळ-गुलालाचं दुकान. अब्बांनी तीस वर्षं त्यांना नैवेद्याची केळी घातली. मुनवा दुकानामागे गुलाबी झालेला; मावशी रोज त्याला गुलाल लावत होत्या.

"देवाचा गुलाल हाय त्येला. काय हुतंय?" त्या उजैरला म्हणाल्या. "पोरीच्या बाचं केळ उपटाय आलायस, आनि वर चा मागालास?"

"चा तुमीच इचारला, मावशी."

"इचारला म्हनून हो म्हनायचं? लाज न्हाय." त्यांनी चहा दिला, वर शेवचिवडा दिला, आणि तो मुनवा खणत असताना माझ्याशेजारी येऊन बसल्या. "चांगला हाय गं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. हळू बोलणं त्यांना जमत नसावं. "खणताना बग की, मुळी तुटू देत न्हाय."

तो पाठमोरा होता. त्याचं खोरं मध्येच थांबलं, मग चालू झालं.

बुधवारी रजा काढून आम्ही पन्हाळ्याला गेलो. वर धुकं होतं. इतकं, की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा. उदयसिंहकाका तिथल्या एका कचेरीत लिपिक. त्यांनी मुनवा कचेरीच्या नळाजवळ लावून शेजारी पाटी ठोकली होती: गैबीचाचा.

"उपटा की. पण अर्ज द्या," काका म्हणाले. "एकदा सरकारी आवारात आलं म्हणजे सरकारी झाड. उद्या मला कोण इचारील, केळ कुठं गेलं? मी काय सांगू, बुरशीनं नेलं?"

काकांनी कोरा कागद आणि स्वतःचं पेन दिलं. मी बाकावर बसून लिहायला घेतलं. प्रति. मग विषय. 'विषय: वडिलांचे केळ उपटण्याची परवानगी मिळणेबाबत.'

तिथं पेन थांबलं. धुकं खिडकीतून आत येत होतं. चार महिने लोक येऊन गेले, मी सगळ्यांना चहा दिला, मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहिले, कुठं डोळे भरले नाहीत. आणि इथं ती एक ओळ पुसट व्हायला लागली. उजैर दारात उभा होता. तो आत आला नाही. काकांना मात्र म्हणाला, "काका, ते नळाचं पाणी कुठनं येतं, जरा दाखवता?" आणि त्यांना बाहेर घेऊन गेला. त्या नळाचं पाणी कुठून येतं याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

परतताना तो म्हणाला, "अर्जाची नक्कल मी घेतलीय. काकांनी शिक्का मारून दिली."

"कशाला?"

"संशोधनासाठी."

"त्यात संशोधनासारखं काय आहे?"

"अक्षर," तो म्हणाला. आणि हेल्मेट घातलं, म्हणजे त्याचा चेहरा मला दिसू नये.

*

आठ मुनवे झाले. अठरा दिवस झाले. कृष्णातदादा रोज सकाळी फोन करत: "काय कळलं का गं?" मी रोज उजैरला फोन करत होते: "काही कळलं?" तो म्हणायचा, "न्हाय अजून. जेवला का तुमी?" हे दुसरं वाक्य कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. पण एक दिवस त्यानं ते विचारलं नाही, तर मी संध्याकाळपर्यंत घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते, आणि त्या निकालासाठी नव्हत्या.

एकदा तो म्हणाला, "एक इचारू? तुमी कुठलं घराणं निघावं म्हणून दुवा मागता?"

मला उत्तर माहीत होतं, आणि ते तोंडातून काढवत नव्हतं. जुनं निघालं तर दादांची बाग वाचणार, सगळ्या गावाची जी-नाईन वाचणार, आणि त्याच कागदावर लिहिलेलं असणार की हा रोग फक्त अब्बांच्या केळीचा, त्यांचीच तेवढी जाणार.

"जुनं," मी म्हणाले.

"मी पण," तो म्हणाला.

एकविसाव्या दिवशी फोन आला तेव्हा मी ग्रंथालयाच्या शिडीवर होते.

"जुनं हाय, सबिना." पहिल्यांदाच नावानं. "आठही नमुने. नव्याचा माग कुठंच न्हाय. कृष्णातदादांना सांगा."

मी शिडीवरच बसून राहिले. दादांना फोन केला. लगेच लांबून त्यांचा आवाज आला, बायकोला ओरडून सांगत होते. संध्याकाळी ते पेढे घेऊन घरी आले, दारातच थांबले, आणि पुडा पाठीमागे धरून म्हणाले, "तुला कसं देऊ गं हे?"

"द्या, दादा," मी म्हणाले. "अब्बांनी पहिला खाल्ला असता."

दुसऱ्या दिवशी अब्बांची दोनशे झाडं कापली. उजैर आणि त्याचे दोघे सहकारी होते. मी एकदाही खोपीत जाऊन बसले नाही.

*

नववं नाव आठवलं ते दस्तरखानावर नव्हतंच. म्हणून आठवत नव्हतं. इमामबी फुफू, अब्बांच्या थोरल्या बहीण, आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या. त्या दिवशी त्या जेवल्याच नव्हत्या. आत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, आणि मी मुनवा त्यांच्या उशाशी ठेवून आले होते.

"तो व्हय?" फुफू म्हणाल्या. "तो वाळला. बंबात घातला."

उजैरनं इतका मोठा श्वास सोडला, की फुफूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हा कोण गं?"

"शिकलगार. केळीचे डॉक्टर."

"केळीला डॉक्टर? आनि माझ्या गुडघ्याला कोण बघत न्हाय." मग म्हणाल्या, "मला कशाला त्यो मुनवा? माझा हाय की वर. गैबीनंच दिलता. पाच वर्षं झाली."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत जिना चढलो. गच्चीवर निळं प्लास्टिकचं पिंप, त्यात बाजारातून आणलेली माती, आणि त्यात अब्बांचं जवारी केळ. रोग बागेत शिरण्याआधीच बागेतून निघालेलं. घड नुकताच उतरवला होता. केळ एकदाच वितं, मग सुकत जातं. हेही आता सुकत चाललं होतं, आणि त्याच्या बुडाशी एक मुनवा होता. एकच. हातभर.

त्यानं नमुना नेला. घराणं शोधायचं नव्हतं, बुरशी आहे का एवढंच बघायचं होतं, म्हणून पाचच दिवसांनी निर्मळ असल्याचं कळवलं आणि संध्याकाळी स्वतः आला. ऊन उतरलं होतं, गच्चीवर फुफूंच्या साड्या वाळत होत्या.

"दोन रस्ते हाईत," तो म्हणाला. "हा मुनवा इथंच वाढू द्या. पिंपात एकामागनं एक असाच चालंल. किंवा मला द्या. मी त्रिचीच्या केळी संशोधनाच्या प्रयोगशाळेत चाललोय, वर्षभरासाठी. परवा. सोलत-सोलत ह्याचा नखाएवढा गाभा काढायचा, बाटलीत वाढवायचा. त्यातनं शेकडो रोपं होतील, निर्मळ. पुढंमागं रानकेळीतली रोगाला तोंड देणारी जनुकं ह्याच्यात आणायचा प्रयत्न करता येईल."

वर्षभरासाठी. परवा. तो मुनव्याबद्दल बोलत होता आणि मी ह्या दोन शब्दांशी थांबले होते.

"आणि बाटलीत नाही वाढला तर?"

"दहात तीनदा वाढत न्हाय." त्यानं नजर चुकवली नाही. "मग काही उरत न्हाय. खोटं कशाला सांगू?"

जिन्यावरून फुफूंचा आवाज आला. "कापायचंच असंल तर शिकलगाराच्या पोरानं कापावं. निदान हात तरी साफ असंल."

मी मुनव्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानाला हात लावला. अब्बा कुणी मागितलं की द्यायचे. कसा लावशील, जगवशील का, असं एकदाही विचारताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"कापा," मी म्हणाले.

त्यानं पातं पुसलं, पण कापलं नाही. तसाच उकिडवा बसून राहिला.

"त्याआधी एक सांगायचं हाय. न्हाईतर हे मला दिलेलं तुमास्नी पुढं खुपंल." त्यानं पातं खाली ठेवलं. "पहिल्या दिवशी... पिशवीतल्या चपला. त्यावर बागेतली माती होती. ती तिथंच धुवायला लावायची माझी ड्युटी होती. बारा तालुके हिंडलो, सरपंचाला सोडलं न्हाय, सायबाला सोडलं न्हाय. स्वतःच्या मामाला बांधावर अनवाणी केलं. पण तुमी ती पिशवी अशी छातीशी धरलेली... मला जमलं न्हाय. रोज म्हणायचो, उद्या सांगतो. तुमच्या दाराशी झाड न्हाय, अंगण फरशीचं हाय, हे मी दोनदा येऊन चोरून बघून गेलतो. तरी चूक ती चूकच."

चपला माझ्या घरी दारातच होत्या. तशाच. टाचेखाली अब्बांच्या पायाचा ठसा, आणि कडेला चिकटलेली त्यांच्या रानाची माती. आणल्यापासून मी त्यांच्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती. आणि गेले पाच दिवस फुफूंकडे, ह्या पिंपापर्यंत, त्याच दारातून रोज ये-जा करत होते.

"आणि हे झाड गेलं असतं तर?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "माझ्या पायांनी?"

"तर मी तोंड दाखवलं नसतं."

"तोंड दाखवून काय झालं असतं? आठ ठिकाणी माझ्याकडून माती खरवडून घेतलीत. अर्ज लिहून घेतलात. आणि हे एवढं..." मी पिंपाची कड धरली. "का?"

"सांगितलं की."

"नीट सांगा."

साड्या वाऱ्यानं फुगून त्याच्या-माझ्यामध्ये आल्या, गेल्या.

"तुमी रडला असता," तो म्हणाला, "आनि मला तिथनं हलता आलं नसतं. मला तवाच कळलं, काय झालंय ते. घमेल्यात पाय घालून ढगाकडं बघणारी बाई... मी रोगाचा माणूस हाय, सबिना. लक्षणं ओळखतो. स्वतःची पण." त्यानं मान खाली घातली. "मला तुमी आवडता. लई. एवढंच हाय. आता कापू का नको, तुमी सांगा."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तिसऱ्यांदा सुरू झाली.

"कापा," मी म्हणाले. "आणि घमेलं घेऊन माझ्या घरी चला."

त्यानं मुनवा काढला. एकेक पदर सोलत गेला. हिरवा गेला, पोपटी गेला, पांढरा आला. शेवटी अंगठ्याएवढा गाभा उरला; नखाएवढा तिथं प्रयोगशाळेत निघणार होता. तो बाटलीत घालून त्यानं बाटली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

माझ्या दारात आम्ही समोरासमोर बसलो. त्यानं घमेल्यात पाणी कालवलं. मी चपला आणल्या. पहिली चप्पल मी स्वतः बुडवली. माती लगेच सुटली नाही. मग कडेनं विरघळायला लागली, पाणी तांबूस झालं, आणि मी रडायला लागले. त्यानं हात पुढे केला नाही. फक्त घमेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, हलू नये म्हणून. दुसरी चप्पल आम्ही दोघांनी घासली. ब्रश एकच होता. तो कधी त्याच्या हातात असायचा, कधी माझ्या, आणि देता-घेताना उगाच जास्त वेळ लागत होता.

धुतल्यावर कळलं, चामडं किती चांगलं होतं ते.

"किती महिने लागतात रोपं व्हायला?" मी विचारलं.

"दहा-अकरा. मधनं कळवत राहीन. रोज. म्हणजे... रोपांचं."

"रोपांचंच." मी चपला उंबऱ्याच्या आत, सावलीत, भिंतीला टेकवून ठेवल्या. "परवाची गाडी किती वाजता?"

"दुपारी दोनला."

"चामडं उन्हात ठेवता येत नाही. सावलीत वाळायला दोन दिवस जातात. परवा सकाळपर्यंत वाळतील." माझा चेहरा तापला होता, पण मी त्याच्याकडेच बघत राहिले. "तेव्हा या आणि घालून बघा. त्रिचीला काय गमबूट घालून जाणार?"

त्यानं चपलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. खिशातल्या बाटलीवरचा हात त्यानं अजून काढला नव्हता.

"आनि मापाच्या न्हाय निघाल्या तर?"

"कोल्हापुरी हाय," मी म्हणाले. "चार दिवस चावती, मग पायाला बसती."